पाच नंबरचा वार

दार्सैत, मस्कत
शुक्रवार, १२ मे २०००

प्रिय रॉबिनदादास,

धाकट्या नॉरबर्टचा वाकून नमस्कार (पूर्ण वाकायला आता पोट आड येतं, तरी भावना समजून घे). तुझ्या गुडघ्यांना त्या तेलाने उतार पडला का? वहिनींची साखर कशी आहे? आम्ही तिघांपैकी दोघं, मी आणि मटिल्डा, इथे खुशाल आहोत. तिसरी फ्रान्समध्ये खुशाल आहे असं ती फोनवर सांगते, आणि ती फोनवर जे सांगते त्याबद्दल मी पुढे लिहिणारच आहे. एकोणचाळीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसलेल्या तुझ्यासारख्या माणसाने पत्रात एक साधा प्रश्न विचारला, आणि तो वाचल्यापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. उत्तर देतो, पण त्याच्या जागी आल्यावर. मधली पानं सोडून शेवट बघू नकोस, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

आई ज्युबिली वर्षाच्या यात्रेसाठी पॅरिशच्या लोकांबरोबर रोमला निघाली तेव्हा तिने मला फोनवर काय सांगितलं ते तुला ठाऊक नसेल. म्हणाली, पोप दिसले नाहीत तरी चालतील, पोर दिसली पाहिजे. आता त्यात चूक काय? अँजेलाला नवव्या वर्षी आम्ही आईच्या पदरात टाकलं आणि इथे परत आलो. तिची दहावी, बारावी, टायफॉइड, सगळं आईने काढलं. मग मुंबईचं हॉटेलचं शिक्षण, आणि आता लिओं शहरातल्या हॉटेलात दोन वर्षांची उमेदवारी. दोघींची भेट नाही त्याला पावणेदोन वर्षं झाली. आई रोममध्ये मंगळवार ते शुक्रवार. शुक्रवारी दुपारी बाराला ननांच्या गेस्टहाउसमधून बस सुटणार ती थेट विमानतळावर. अँजेलाची रजा गुरुवारपासून. म्हणजे पोरीने गुरुवारी निघून शुक्रवारी सकाळपर्यंत पोचायलाच हवं, नाहीतर शहात्तर वर्षांची बाई नातीची वाट बघत बसमध्ये बसणार. यापलीकडे या पत्रात काही नाही.

विमान परवडणारं नव्हतं. लिओंहून रोमची सरळ, जलद गाडी घ्यायची तर पोरीचा अर्ध्या महिन्याचा भत्ता गेला असता, असं मला कोणीतरी सांगितलं होतं (कोणी, ते आता आठवत नाही, आणि तिथेच सगळं शिजलं). तेव्हा स्वस्त मार्ग मीच काढायचं ठरवलं. तू हसशील. या देशात आगगाडी नाही. रुळावर चालणारी एकच गोष्ट मी इथे अठरा वर्षांत पाहिली, ती आमच्या हॉटेलचे पडदे. पण दादा, खरं सांगू? त्या पोरीच्या एकाही प्रवासाला मी स्टेशनवर नव्हतो. प्रत्येक वेळी तू होतास, हातात पाण्याची बाटली घेऊन. म्हणून हा एक प्रवास तरी आपल्या हातून व्हावा असं मनात होतं.

आमच्या हॉटेलात एक फ्रेंच बेकर आहे. मी स्टोअरकीपर, त्यामुळे त्याचा मैदा आणि लोणी माझ्या ताब्यात, आणि संबंध चांगले. त्याच्याकडे युरोपातल्या सगळ्या गाड्यांचं विटेएवढं जाड वेळापत्रक होतं. त्यातली कामाची चार पानं मी झेरॉक्स केली (चारच, बाकीचं पुस्तक कशाला लागतं, असं तेव्हा वाटलं). तीन रात्री बसून मार्ग काढला. लिओंहून बाराची साधी गाडी, एक बदल, मग डोंगरातलं मोदान नावाचं सरहद्दीवरचं स्टेशन, तिथून तीन-चाळीसची इटलीची छोटी गाडी, ट्युरिनला रात्रीची बसायची गाडी, आणि शुक्रवारी सकाळी सातला रोम. सरळ गाडीच्या निम्म्या भाड्यात. फक्त त्या तीन-चाळीसच्या गाडीपुढे गोलात पाचाचा आकडा होता. म्हणजे ती आठवड्यातून एकदाच, पाचव्या वारी धावते. आता पाचवा वार कुठला?

इथे तू मला वेड्यात काढण्याआधी एक लक्षात घे. ज्या गावात रविवारची मिस्सा शुक्रवारी होते आणि गुरुवार-शुक्रवार सुटी असते, तिथे माणसाचे वार जागेवर राहत नाहीत. मी आपल्या सिराजला विचारलं. सिराज रत्नागिरीचा, मत्रहच्या बाजारात पंचवीस वर्षं कापडाच्या दुकानात, अरबी पाण्यासारखं बोलतो. त्याने बोटं मोजली. अहद म्हणजे पहिला, तो रविवार. तिथून मोजत आला की खमीस पाचवा, तो गुरुवार. "नावातच पाच हाय, नॉरबर्टभाय. खलास." गुरुवार आला, अँजेलाची रजाही गुरुवारची. मला तर देवाचा हात दिसला. मी चार पानी फॅक्स पाठवला: कुठे उतरायचं, बॅग कुठल्या हातात धरायची, खिडकीची जागा का टाळायची. साखळी आणि कुलूप वेगळं पोस्टाने पाठवलं. ती म्हणाली, "ओके पप्पा, थँक्यू पप्पा," आणि मी दोन आठवडे छाती काढून हिंडलो.

गुरुवार, सत्तावीस एप्रिल. माझी ड्युटी होती. दुपारचे सव्वादोन, म्हणजे तिकडचे सव्वाबारा, म्हणजे पोर गाडीत बसून पंधरा मिनिटं झालेली. बेकर मैदा न्यायला आला. मी कौतुकाने त्याला सांगितलं, निघाली बरं का. तो म्हणाला, आज? मोदानची गाडी तर पाच नंबरची ना? मी म्हटलं, आज पाचच. तो पिठाचे हात पुसत अगदी शांतपणे म्हणाला, आमच्याकडे सोमवार एक. पाच म्हणजे शुक्रवार.

दादा, माझ्या हातातलं पावतीपुस्तक पोत्यामागे पडलं ते मी अजून काढलेलं नाही. गुरुवारी त्या डोंगरात गाडीच नव्हती. पोर तीन वाजता उतरणार, खांद्यावर बॅग, भोवती बर्फ (वसईच्या माणसाला डोंगर म्हटलं की बर्फच दिसतो), आणि पुढची गाडी दुसऱ्या दिवशी तीन-चाळीसला, आईची बस सुटून गेल्यावर. मीच तिला तिथे पाठवलेली. बेकरने तिच्या वसतिगृहात फोन लावून दिला. तिथली बाई म्हणाली, ती सकाळी सहालाच गेली. झालं, चिंता दुप्पट. बाराची गाडी असताना सहापासून बारापर्यंत पोर कुठे होती? मोदान स्टेशनचा नंबर मिळाला, तिथे कोणी उचलेना. रोमला ननांकडे लावला, तर आईची मंडळी चर्च बघायला बाहेर.

मी अर्धी ड्युटी टाकून घरी आलो. मटिल्डा ओट्यापाशी शांतपणे सुरमई साफ करत होती. ब्लडप्रेशरची बाई, तिला कसं सांगू? तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, मैदा आला नाही. चार वाजता सिराज आला. त्याला जिन्यात गाठून सगळं सांगितलं, तेव्हा तो खाली पायरीवरच बसला. आधी म्हणाला, अरबांचा खमीस चौदाशे वर्षं पाचवाच हाय, फ्रान्सवाल्यांनी सोमवारपासून मोजायचं काय कारण? मग म्हणाला, माझ्या पोरीला, आफरीनला, असं पाठवलं असतं तर मी मेलो असतो. सहा वाजले, सात वाजले. आम्ही दोघं फोनसमोर, तो तसबीहचे मणी ओढत, मी रोजरीचे. मटिल्डाने दोनदा चहा आणला, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मैद्यासाठी एवढी प्रार्थना करतात का. मला तिच्या शांतपणाचा राग आला होता. मनातल्या मनात मी तुला काय तोंड दाखवायचं याची वाक्यं जुळवत होतो.

साडेआठला फोन वाजला. आई होती. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. म्हणाली, पोर आलीय, माझ्याजवळ बसून लाडू खातेय, किती वाळलीय रे. मी रडलो, दादा, सरळ रडलो, आणि सिराज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग अँजेलाने फोन घेतला. म्हणाली, "पप्पा, तुमचा प्लान एकदम परफेक्ट होता. मोदानची तीन-चाळीसची गाडी अगदी टायमावर आली." मी म्हटलं, येणारच, मी सांगितलं होतं ना?

आता तुझा प्रश्न. तू लिहिलंयस: "आई म्हणते अँजेला गुरुवारी संध्याकाळीच पोचली. तुझ्या प्लानप्रमाणे शुक्रवारी सकाळी सातला पोचायची होती. गाडी तेरा तास लवकर कशी आली? माझ्या सगळ्या नोकरीत असं घडलं नाही." दादा, घडत नाहीच. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी हा हिशोब माझ्याही डोक्यात आला. पोरीने तिकडच्या खिडकीवरच्या एखाद्या तुझ्यासारख्याला विचारलं असणार, पंचविशीच्या आतल्यांना सवलत असते हे कळलं असणार, आणि ती सकाळच्याच सरळ गाडीत बसली असणार. चार पानांचा फॅक्स तिने बापाचं मन राखायला पाठ केला. आईला रात्रभर नात मिळाली. मला आणखी काय हवं होतं? वेळापत्रक या वस्तूला मी पुन्हा हात लावणार नाही, हे ठरलं.

तुझा धाकटा,
नॉरबर्ट

ता. क. जूनमध्ये अँजेला वसईला येईल तेव्हा तुला खरं सांगेल. पोटभर हस. पण मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस.

ता. क. २. तिथून ती मैत्रिणीकडे मंगलोरला जाणार म्हणते. कोकणातून आता गाड्या आहेत असं ऐकतो. सिराजचा मेहुणा तौहीद महिनाअखेर इकडे येतोय, त्याच्या हाती आपल्या रेल्वेचं या वर्षीचं वेळापत्रक पाठव. मटिल्डाला बोलू नकोस. आणि आपल्याकडे एक नंबरचा वार कुठला, तेवढं चिठ्ठीत लिही.

मोठ्या भाऊंना मटिल्डाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. सरळ गाडीचं तिकीट काढल्याचं अँजेलाने मला आदल्या रविवारीच सांगितलं होतं आणि पप्पांना सांगू नको म्हणून शपथ घातली होती. त्या दिवशी यांनी एकदा तरी खरं सांगितलं असतं तर शपथ मोडून मीही सांगितलं असतं. पण हे मैद्यावरून हलेनात. चहा मात्र मी मुद्दाम गोड केला होता. वेळापत्रक जरूर पाठवा. आखायला बसले की पोर घरात असल्यासारखे वागतात, मला बरं वाटतं. मागच्या वर्षीचं पाठवलंत तरी चालेल. तिकीट तेवढं तुम्ही काढून ठेवा.