पप्पांच्या नावावरचे ठोके

प्रिय चैतू,

सप्रेम जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधी सांगते, पप्पा ठणठणीत आहेत. रिपोर्ट नॉर्मल आल्यापासून कॉलनीत ज्याला त्याला थांबवून तेच सांगत सुटलेत. भाजीवाल्या चिमणाबाईलासुद्धा सोडलं नाही, शेवटी तिनेच हात जोडले. आता तू म्हणशील, मग आई फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहितेस? अगं, आपल्या घरात फोन कसा होतो ते तुला माहीत नाही का? तुझा फोन आला रे आला की पप्पा स्पीकर लावणार, टीपॉयवर ठेवणार, आणि मी तोंड उघडायच्या आत माझं उत्तरही तेच देणार. आई कशी आहे? आई मस्त आहे. मी आपली मान डोलावते. मान काही स्पीकरवर ऐकू जात नाही.

तुला ते कमरेला अडकवायचं पावलं मोजायचं यंत्र आठवतं? पप्पांना शुगर निघाली त्या वर्षी तू त्यांच्या पट्ट्याला लावून गेली होतीस आणि रोज आकडा विचारायचीस. तुझे पप्पा टीव्हीसमोर बसून ते खुळखुळ्यासारखं हलवायचे. बातम्या संपेपर्यंत त्यांची बसल्या जागी सोमेश्वरच्या देवळापर्यंत फेरी झालेली असायची. मग मनगटावरचा रबरी पट्टा आला, त्याचा आकडा थेट तुझ्या फोनवर. तो त्यांनी गॅलरीतल्या झोपाळ्याच्या कडीला बांधला आणि पायाने झोका देत पेपर वाचला. तू तिकडून शाब्बास पप्पा म्हणायचीस आणि मी इकडे पदर तोंडात कोंबून हसायचे. दर रविवारी विहारात पंचशील घेणारा माणूस! मी म्हटलं, ‘मुसावादा वेरमणी’, खोटं बोलणार नाही, असं म्हणताना जीभ अडखळत नाही का हो? तर म्हणे, मी कुठे खोटं बोललो, पट्टा बोलला. घ्या! एस.टी.च्या ऑफिसात जन्म काढलेला माणूस, त्याला कोण हरवणार?

चौदा एप्रिलला आलीस तेव्हा मात्र तू हे मोठं घड्याळ आणलंस. नाडी बघतं, झोप बघतं, रक्तातला ऑक्सिजन बघतं, आणि ठोके चुकले तर त्यांच्या आणि तुझ्या, दोन्ही फोनवर कळवतं. तू मलाही एक आणते म्हणालीस, तर मी काय म्हटलं? मला काय धाड भरलीय! कळवणची तुझी आजी, माझी आई, हेच म्हणायची, तिच्या अहिराणीत, ‘माले काय धाड भरनी शे?’ असं म्हणत म्हणतच ती कांद्याच्या चाळीत जरा टेकली, ती पुन्हा उठली नाही. आमच्याकडच्या बायकांना काही होतच नाही गं. होतं ते एकदमच होतं.

या घड्याळापुढे पप्पांची डाळ शिजेना. झोपाळ्याला नाडी नसते ना! हलवलं तरी ते गप्प, कडीला टांगलं तरी गप्प. त्याला जिवंत मनगट लागत होतं, आणि घरात ते दुसरं एकच होतं.

हो बाळा, माझं. सकाळचा चहा होईपर्यंत ते पप्पांच्या हातात असायचं, मग भाजीला, विहारात, गच्चीवर सगळीकडे माझ्या. रात्रीही माझ्याच, कारण त्यांना ते झोपेत टोचतं. तू कौतुकाने सांगायचीस, पप्पांची झोप सुधारली, पप्पांचं चालणं वाढलं. ती झोप माझी होती, ते चालणं माझं होतं. घड्याळाच्या लेखी मी मिशीवाला, शुगरचा, रिटायर्ड माणूस! आम्हाला दोघांना त्याची फार गंमत वाटायची.

ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी विहारात होते. पप्पा सर्दीमुळे घरी. वंदना संपली, सतरंजीवर नुसती बसले होते आणि मनगटात थरथरलं. त्याआधी काही दिवस छातीत चिमणी अडकल्यासारखी फडफड होत होती. ॲसिडिटी असेल म्हणून मी जिरं चघळत होते. शेजारच्या ज्योत्स्नाने वाकून काचेवरची अक्षरं वाचली, ठोके अनियमित आहेत, आणि म्हणाली, भाऊंचं घड्याळ बिघडलं वाटतं. मी ते पदराखाली घेतलं. घरी येते तोवर तुझा फोन येऊन गेला होता आणि पप्पा पांढरेफटक होऊन खुर्चीत बसले होते. त्यांनी मला एकदाच विचारलं, सुवर्णा, हे कुणाच्या हातात असताना वाजलं असेल गं? मी म्हटलं, सकाळी चहाला तुमच्याकडेच होतं की, तेव्हाचंच असेल, फोनवर उशिरा पोचलं असेल. त्यांनी लगेच मान्य केलं. आपल्या घरात आजारी पडायचा मान पहिल्यापासून त्यांचाच. मी का तसं बोलले? घाबरले गं. मला माझी आई दिसली, चाळीत टेकलेली.

मग तू तिकडून अपॉइंटमेंट घेतलीस, गंगापूर रोडच्या दवाखान्यात गेलो, ईसीजी झाला, इको झाला, पप्पांना ट्रेडमिलवर पळवलं. मी बाहेर बाकावर बसले होते, घड्याळ पर्समध्ये. त्यांचा एकेक रिपोर्ट चांगला येत होता तशी मी ती पर्स आणखी घट्ट धरत होते. नर्सने हसून सांगितलं, काकू, काकांचं हृदय पोरासारखं आहे. मला रडूच फुटलं. तिला वाटलं आनंदाने. डॉक्टर बिचारे त्यांच्या परीने बरोबरच बोलले, अशी घड्याळं कधीकधी उगाच ओरडतात. त्यांच्यापुढे जो माणूस होता त्याचं हृदय खरंच चांगलं होतं.

पप्पांनी येताना पेढे आणले, आपल्या फोनवरचा इशारा बंद केला, घड्याळ कपाटात टाकलं आणि मोकळे झाले. मी ते गुपचूप काढलं. एकदा त्यांच्याच मागे लागून दिवसभर त्यांच्या हाती बांधलं. गप्प. मग माझ्या हातात घातलं, लांब बाह्यांच्या ब्लाउजखाली. त्यानंतर ते सारखं थरथरतंय. कणीक मळताना, जिना चढताना, नुसती बसले असतानासुद्धा. मी एकटीच डॉक्टरकडे निघाले होते, रिक्षात बसलेही. सिग्नलपाशी धीर सुटला आणि परत वळायला सांगितलं. ज्योत्स्नाला सांगावं तर संध्याकाळच्या आत कॉलनीभर. गच्चीवरून तुला फोनही केला होता. तू मीटिंगमध्ये होतीस. मी घड्याळ म्हटल्याबरोबर तू म्हणालीस, आई, ते खराब आहे, पुन्हा पप्पांना घाबरवू नकोस, मी माझ्या फोनवरचा त्याचा इशाराच बंद करून टाकलाय. आणि फोन ठेवलास.

परवा दुपारी गच्चीवर कपडे काढत होते. डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मग काहीच नाही. भानावर आले तेव्हा पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते, चादर अंगावर पडलेली आणि मनगट थरथरतंय. किती वेळ तशी होते कोण जाणे. खालून पप्पा विचारत होते, चहा टाकतेस ना? मी आले म्हटलं आणि भिंत धरून एकेक पायरी उतरले.

म्हणून हे पत्र, चैतू. तू इशारा बंद केलास तो पप्पांचा समजून, पण ते ठोके माझे होते, आणि आता ते कितीही चुकले तरी तुझ्यापर्यंत काही पोचत नाही. तुझा दोष नाही, बाळा. त्यांचाही नाही. त्यांना एवढ्यात काही सांगू नकोस, आपल्या थट्टेपायी हे झालं म्हणून ते जिवाला लावून घेतील. आणि हे वाचून फोन करू नकोस, स्पीकर लागेल. पत्र दोन दिवसांत मिळेल असं कुरिअरवाला म्हणाला. तोवर मी सांभाळते. मिळालं की निघ. मला खूप भीती वाटते गं, माझा हात धरून मला त्याच डॉक्टरांकडे ने आणि त्यांना सांग, घड्याळ बरोबर होतं, पेशंट आम्ही चुकीचा आणला होता.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई