मुलींच्या रांगेत

॥ श्री ॥

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
१ सप्टेंबर २०२४

चि. भूपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

आम्ही तिघी इकडे खुशाल आहोत. आईचे गुडघे सोडले तर तक्रारीला जागा नाही. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. परवा फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलत होतो आणि कोणीच कोणाचं ऐकलं नाही. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून लिहिते आहे. उत्तरही पत्रानेच दे.

गेल्या दिवाळीत तुझ्या लेकराने तुला आणि वैशालीला समोर बसवून सांगितलं की मी मुलगा नाही, मुलगी आहे. इंदूरच्या डॉक्टरांनीही तुम्हाला नीट समजावलं. तुम्ही दोघं पोटापाण्यासाठी तिकडे, ती शिकायला आमच्याकडे; तेव्हापासून आमच्या घरात ती तृप्ती आहे, हे नाव तिनेच निवडलं. यंदा नववीत गेल्यावर ती म्हणाली की शाळेतही मुलींच्याच गणवेशात जाईन. मी सलवार-कुर्ता शिवून दिला, तिने वेणी घातली आणि गेली. घाबरले असेन तर मी. ती नाही.

चार दिवसांत प्राचार्यांचं बोलावणं आलं. प्राचार्य म्हणजे योगेंद्र, माझाच विद्यार्थी, आठवीत मागच्या बाकावर पेंगणारा. त्याचं म्हणणं असं की मुलांच्या गणवेशात या, नाहीतर टीसी घ्या. मी २०१९चा कायदा छापून नेला होता. मान्यता असलेल्या शाळेला तृतीयपंथी विद्यार्थ्यांशी भेदभाव करता येत नाही, हे कलम मी त्याला वाचून दाखवलं. इथपर्यंत सगळं नीट होतं. मग तो खुर्चीत रेलून म्हणाला की मॅडम, कागदावर सगळं ठीकच असतं. आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं की आधी उभा राहा आणि मग बोल.

भूपेंद्र, तो उभा राहिला रे! सगळ्या शिक्षकांसमोर, चपराशासमोर, हात मागे बांधून. मग भानावर येऊन खाली बसला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. त्यानंतर त्याने मला एकच ऐकवलं. पालक म्हणजे आई-वडील, आत्या नव्हे. दसऱ्याच्या सुट्टीआधी पालकसभा आहे, त्यात वडिलांनी स्वतः येऊन काय ते सर्वांसमोर सांगावं, नाहीतर टीसी तयार ठेवतो. चूक माझी आहे. जन्मभर वर्ग सांभाळले, पण जीभ सांभाळता आली नाही.

तोवर ती शाळेत जाते. पण प्रार्थनेला तिला मुलांच्याही रांगेत नाही आणि मुलींच्याही नाही, बाजूला एकटीला उभं करतात. आता तुला यायलाच हवं. कायदा मी वाचेन, पण बाप मला होता येत नाही.

आईचे आशीर्वाद. वैशालीला माझी आठवण सांग आणि ताईवर राग धरू नकोस.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

इचलकरंजी
८ सप्टेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. प्राचार्यांना उभं केल्याचं वाचून वैशाली इतकी हसली की पोळी करपली. मी पण हसलो, पुढचं वाचेपर्यंत.

ताई, पोराला इकडे पाठवून दे. इथे आपल्याला कोणी ओळखत नाही. केस कापू, नव्या शाळेत नाव घालू, बारावी होऊ दे, मग जे काय असेल ते बघू. मला लोकांची लाज वाटते असं समजू नकोस. मला भीती वाटते. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत माणसं कोणाकोणावर हसतात ते मी रोज ऐकतो. त्या हसण्यात माझं पोर सापडू नये, एवढंच मागणं आहे.

आणि सभेत उभं राहून बोलणं माझ्याने होणार नाही. मी माग दुरुस्त करणारा जॉबर. मशीनशी बोलतो, माणसांशी बोलायला आपल्या घरात तू आहेस. रागावलीस तरी चालेल, पण विचार कर.

आईला नमस्कार. लोभ होता तसाच राहू दे.

तुझा,
भूपेंद्र

॥ श्री ॥

लोधीपुरा
१५ सप्टेंबर २०२४

चि. भूपेंद्र यास आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, याने पत्रभर पोर पोर लिहिलंय, पोराला नाव नाही का? मी तुझी बाजू घेतली नाही.

केस कापून प्रश्न सुटत असता तर आपण इंदूरला कशाला गेलो असतो? इतवारा बाजारातल्या न्हाव्याकडेच काम झालं असतं. इचलकरंजीत कोणी ओळखत नाही म्हणतोस, पण तिथे ती स्वतःला तरी ओळखेल ना? भीती मलाही वाटते. ती शाळेतून येईपर्यंत मी दारात उगाच तांदूळ निवडत बसते. पण आपल्या भीतीपायी तिचं वर्ष, तिच्या मैत्रिणी आणि तिचं नाव काढून घ्यायचं, हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

आता खरी बातमी. आई यंदा गुलाबाई बसवणार आहे! तुला आठवतं ना, ज्या घरात मुलगी त्याच घरात गुलाबाई बसते, आणि महिनाभर रोज संध्याकाळी पोरी तिची गाणी म्हणतात. मी मोठी झाले आणि आपला कोनाडा रिकामा झाला. काल आई गुडघे विसरून रिक्षाने इतवाऱ्यात गेली आणि घासाघीस करून गुलाबाई-गुलोजीची मातीची जोडी घेऊन आली. मी विचारलं की गल्लीतल्या पोरी गाणी म्हणायला आल्याच नाहीत तर? त्यावर ती म्हणाली की घरात नात आहे म्हणून बसवते, पोरी मोजायला नाही. आपल्या घरात मला गप्प करणारी तेवढी एकच आहे.

सभा ५ ऑक्टोबरला. ये.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

लोधीपुरा
२५ सप्टेंबर २०२४

ती. पप्पांना शि. सा. न.

मी मजेत आहे. आत्या म्हणाली की तूच लिही, मी लिहिलं की ते भाषण होतं. म्हणून लिहिते.

पहिल्या संध्याकाळी गुलाबाईला कोणीच आलं नाही. मी, आजी आणि आत्या, तिघींनीच गाणी म्हटली. आत्याचा सूर एवढा बेकार आहे की गुलोजी उठून जातील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली रंजिता आली. ती समोरच राहते. तिला फक्त बघायचं होतं की आत्या खरंच गाते का. मग ती रोज यायला लागली, आणि तिच्या मागे बाकीच्या. काल तर अंगणात बसायला जागा नव्हती. तुम्हाला माहीत आहे ना, गाणी झाली की डब्यातला झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. आजीने रवा-तूप फेटून गोड दराबा केला होता. सगळ्यांनी लाडू, चिवडा, केळ्याचे वेफर्स असं काय काय सांगितलं, कोणालाच जमलं नाही. मला माहीत होतं, पण मी बिलकुल फुटले नाही. आजी म्हणाली, शाब्बास, घरचं गुपित राखते ती खरी घरची पोरगी.

शाळेचं सांगते. पोरं चिडवायची, आता बोअर झाली. प्राचार्य सर वाईट नाहीत. त्यांनी मला स्टाफरूमच्या बाथरूमची परवानगी दिली आहे, ते बेस्ट झालं. गेल्या वर्षी मी शाळेत पाणीच प्यायचे नाही, म्हणजे जायला नको. मुलांच्यात जायची हिंमत नव्हती. घरी आल्यावर डोकं दुखायचं आणि आजीला वाटायचं चष्मा लागणार. आता मी बाटली भरून नेते.

पण ती वेगळी रांग मला नको, पप्पा. तिथे उभी राहिले की मी काहीतरी गुन्हा केला असं वाटतं, आणि मी काही केलेलं नाही. मी इचलकरंजीला येणार नाही. तुमच्याकडे यायला आवडतं, पण सुट्टीत, आणि तृप्ती होऊनच. तुम्ही सभेला आलात तर छान. नाही आलात तरी मी शाळा सोडणार नाही, आत्याबरोबर कलेक्टर साहेबांकडे जाईन. पण तुम्ही आलात तर मला जास्त आवडेल.

मम्मीला पापा. माझ्यावर आहे तेवढंच प्रेम असू द्या, जास्त झालं तरी चालेल.

तुमची,
तृप्ती

॥ श्री ॥

इचलकरंजी
३० सप्टेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

सभेला येतो. वैशालीला रजा मिळत नाही, मी एकटाच निघतो.

मालकाने विचारलं, सुट्टी कशाला पाहिजे. मी सांगितलं, मुलीच्या शाळेत पालकसभा आहे. बोलून गेल्यावर कळलं की मी काय बोललो. मालकाने मान हलवली आणि चहा मागवला. ताई, मी इतके महिने ज्याला घाबरत होतो ते एवढंच होतं.

ती पाणी प्यायची नाही, हे मला माहीत नव्हतं. वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. काय बोलायचं ते लिहून पाठव, मी पाठ करतो. बाकी भेटीत.

भूपेंद्र

॥ श्री ॥

लोधीपुरा
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. वैशाली हीस अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा आज सकाळच्या गाडीने निघाला. तो घरी येऊन तुला सांगेल की सभा झाली, बरी झाली. त्याच्याकडून याहून जास्त निघणार नाही, म्हणून मी लिहिते.

मी लिहून दिलेलं भाषण त्याने पाठ केलं होतं. शाळेच्या दारात पोचेपर्यंत तो ते पुटपुटत होता आणि हॉलमध्ये गेल्यावर सगळं विसरला. आधी मी उठले. त्या दिवशीच्या वागण्याबद्दल मी योगेंद्रची सर्वांदेखत माफी मागितली आणि त्याला सर म्हटलं. त्याला इतकं अवघडल्यासारखं झालं की तो पुन्हा उभा राहिला. मग रंजिताचे वडील वसंतराव, केळीचे व्यापारी, बोलले. त्यांचं म्हणणं की आमच्या मुलींच्या सुरक्षेचं काय, उद्या काही झालं तर जबाबदार कोण.

तेव्हा भूपेंद्र उठला. वैशाली, तुला माहीतच आहे, मागांच्या खडखडाटात राहून ही माणसं बोलतात ती ओरडूनच. त्याला आपलं हळू सांगायचं होतं. पण तृप्ती माझी मुलगी आहे, हे त्याने अशा आवाजात सांगितलं की हॉलच नव्हे, बाहेर मैदानात बसलेल्या पोरीही वळून बघायला लागल्या. तृप्ती त्यांच्यातच बसली होती. आपण ओरडलो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तो तसाच बोलत राहिला की तुमच्या मुलींना हिची भीती वाटते की नाही ते मला माहीत नाही, पण माझी मुलगी वर्षभर घाबरून या शाळेत पाण्याचा घोट प्यायली नाही, आणि मला बापाला त्याचा पत्ता नव्हता. तुमच्यापैकी कोणाची मुलगी दिवसभर तहानलेली राहिली तर तुम्ही काय कराल ते मला सांगा, मी तेच करतो.

मग वसंतरावांच्या बायकोने बसल्या जागेवरून नवऱ्याला सुनावलं की अपनी रंजिता तो रोज शाम को इन्हीं के घर गुलाबाई खेलती है, तुम्हें पूछने की फुरसत कब मिली. हॉलमध्ये हशा झाला आणि वसंतरावही ओशाळून हसले. एकदोघं तोंड वाकडं करून निघून गेले, ते जाणारच होते. योगेंद्रने तिथल्या तिथे जाहीर केलं की तृप्ती मुलींच्या गणवेशात येईल, मुलींच्या रांगेत उभी राहील आणि टीसीचा विषय संपला. त्याच्याकडून एवढं स्वच्छ वाक्य मी आठवीत कधी ऐकलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तृप्ती त्याच्याजवळ आली. त्याने तिची पाण्याची बाटली उचलून हलवून पाहिली, रिकामी होती. तो नळावर जाऊन ती भरून घेऊन आला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

आईचे तुला आशीर्वाद. त्याला चार दिवस काही विचारू नकोस, नुसतं चांगलंचुंगलं खाऊ घाल.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

लोधीपुरा
९ ऑक्टोबर २०२४

ती. पप्पांना आणि मम्मीला शि. सा. न.

पप्पा, तुम्ही नीट पोचलात हे कळलं. तुमचा आवाज अजून शाळेत फेमस आहे. पोरी मला विचारतात की तुझे पप्पा घरी पण माईकशिवायच बोलतात का.

सोमवारी मी प्रार्थनेला मुलींच्या रांगेत उभी राहिले. उंचीप्रमाणे माझी जागा मागून दुसरी, रंजिताच्या पुढे. पहिल्या दिवशी मी एकदम सरळ, हातपाय न हलवता उभी होते. कोणी काही म्हटलं नाही. मंगळवारी पण नाही.

आज मात्र रंजिता मागून आत्याच्या गाण्याची नक्कल करायला लागली. मी दाबून दाबून हसू दाबलं, पण शेवटी फुटलंच. पुढच्या मुलीलाही फुटलं. प्रार्थना संपल्यावर बाईंनी आम्हाला पकडलं. म्हणाल्या, या तिन्ही मुली फार आगाऊ झाल्या आहेत. आणि पहिला तास संपेपर्यंत आम्हाला वर्गाबाहेर उभं केलं, तिघींना, एका रांगेत.

आजीला सांगितलं तर तिने माझी दृष्ट काढली. तुम्ही पण रागावू नका हं, पप्पा. मी आजवर शाळेत कधीच एवढी खूश नव्हते.

पोटभर प्रेम आहेच, पत्र मात्र लवकर लिहा.

तुमची आगाऊ मुलगी,
तृप्ती