शेवटचे सोळा एमबी

लालबाग,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय ग्रेगरी,

कसा आहेस? मम्मीची तब्येत कशी आहे? आम्ही इकडे बरे. फोन केला असता, पण तू पहिल्याच वाक्याला “जाऊ दे गं” म्हणशील आणि मी खरंच जाऊ देईन, म्हणून कागद घेतलाय. कॉलेजनंतर इतकं हाताने लिहिलेलं नाही. अक्षर चालवून घे.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता ती जिना चढते आणि चढल्याचं सगळ्या मजल्यांना कळवते. ऑफिस तिथेच, परळला, मिलच्या त्याच आवारात. चहाचं मशीन बदललं, चहा तसाच. हितेंद्र सरांनी केबिनला काच लावून घेतली आहे, त्यामुळे दुपारी साहेब डुलक्या काढतात ते सगळ्यांना दिसतं.

तुझ्या मम्मीच्या बॉटल मसाल्याची बाटली अजून आमच्या फडताळात आहे. मसाला संपून वर्ष झालं. रिकामी बाटली परत द्यायची नाही म्हणून आईने त्यात कोकमाचं आगळ भरून ठेवलंय आणि दर रविवारी विचारते, “तो ग्रेगरी खंय गेलो गो? बाटली कधी पोचयतलंस?” मी म्हणते, देईन. तिला वाटायचं, तुला चांगली नोकरी लागली म्हणून तू गेलास. तसं मीच सांगितलं होतं.

सोमवारी पवईच्या एका कंपनीतून फोन आला. तू तिथे अर्ज केलास आणि तुझ्या कामाबद्दल विचारायला माझं नाव दिलंस. माझं! बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, “मेमरीच्या कामात त्यांच्याकडून मोठी चूक झाली होती, असं तुमच्या सरांनी सांगितलं. तुमचं काय मत?” मी दोन दिवस मागून घेतले.

तुमच्या घरी आलेलं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणून पुढचं मम्मीला आणि तुझ्या बहिणीला, ॲन्टोनेटलाही कळेल असं लिहिते. तुला कंटाळा येईल, पण ऐक.

मम्मी, यंत्र सुरू झालं की आधी फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच कायमचा भरून ठेवलेला छोटा प्रोग्राम, जागं होतं. ते कर्नेलच्या हातात एक यादी देतं: एकूण मेमरी इतकी, इथून इथपर्यंत वापर, आणि हा तुकडा राखीव, याला हात लावू नकोस. कर्नेल सगळं यंत्र चालवतो, पण ही यादी तो तपासत बसत नाही. तपासायला गेला तर पंचाईत, कारण काही पत्त्यांवर मेमरी नसतेच. तिथे यंत्राचा एखादा भाग जोडलेला असतो आणि नुसतं चाचपलं तरी तो बिथरतो. म्हणून यादीत जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा आणि कामाला लागायचं. आमच्याकडे यादी मी लिहायची. त्या यादीवर विसंबून मेमरी वाटून द्यायचा भाग ग्रेगरीचा.

गेल्या वर्षी गणपती उठले त्या आठवड्यात शिवडीच्या गोदामातले आपले वजनकाटे बंद पडायला लागले. सकाळी ठीक, दुपारी ट्रकच्या नोंदी साचल्या की ठप्प. एका कांद्याच्या ट्रकचं वजन नऊशे टन आलं. ड्रायव्हर पावती घेऊन नाचत होता, “मॅडम, इसको फ्रेम करेगा मैं!” तो, तू आणि मी, तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी सरांनी मीटिंग लावली आणि कोणी हसलं नाही.

मेमरीतला माल बिघडतोय, मेमरी ग्रेगरीकडे, म्हणजे चूक ग्रेगरीची. इतकाच हिशेब. तू वाद घातला नाहीस. माझ्याकडे वळून एवढंच विचारलंस, “मृणाल, यादी बरोबर आहे ना?” मी म्हणाले, आहे. तू सरांना म्हणालास, “मग माझंच काहीतरी चुकलं असेल. बघतो.” तीन आठवडे बघत राहिलास. मग त्यांनी तुझ्याकडून राजीनामा लिहून घेतला.

आत्तापर्यंत लिहिलं ते तुला ठाऊकच होतं. आता पुढचं.

मी यादी न बघताच “आहे” म्हटलं होतं. तिथवर ती चूक होती. त्याच संध्याकाळी मी फाइल उघडली. काट्यांसाठी नवा सर्किट बोर्ड आला तेव्हा मी जुन्या बोर्डाची यादी उचलली होती, एकूण मेमरीचा आकडा बदलला होता, राखीव तुकडा तसाच ठेवला होता. जुन्या बोर्डावर पडद्याच्या चिपला सोळा एमबी लागायचे, नव्यावर बत्तीस. त्या बत्तीसातले शेवटचे सोळा एमबी मी कर्नेलला मोकळे म्हणून सांगितले. तुझा कोड नोंदी तिथे ठेवायचा आणि पडदा त्यांच्यावर चित्र काढायचा. हे समजायला मला दहा मिनिटं लागली, ग्रेगरी. तू तीन आठवडे स्वतःच्या कोडमध्ये शोधत होतास, मी शेजारच्या खुर्चीवर बसून तुला चहा आणून देत होते.

तू गेल्यावर सरांनी तुझा भाग काढून दुसरा बसवला. त्याच आवृत्तीत मी सोळाचे बत्तीस केले आणि शेरा लिहिला, “किरकोळ सुधारणा.” काटे नीट चालायला लागले. सर सगळ्यांना सांगत सुटले, “बघा, चूक त्याचीच होती की नाही?” मी मान हलवली. नंतर तुझे चार फोन आले, एक नाताळला. ते मी का उचलले नाहीत, ते आता तुला कळलं असेल.

मला लाज वाटते. घराचे हप्ते, आईचं ऑपरेशन, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ सांगितली. खरं कारण एकच, मी घाबरले.

आज सकाळी पवईच्या बाईंना फोन करून हे सगळं सांगितलं. मग दोन्ही याद्या, जुनी आणि दुरुस्त, तारखांसकट सरांना पाठवल्या, आणि त्या मीटिंगला बसलेल्या प्रत्येकालाही. सर काचेमागे बराच वेळ वाचत होते. उद्या दहाला बोलावलंय. माझं काय होईल ते होईल, त्यात तू पडू नकोस. याद्यांची प्रत सोबत जोडली आहे.

बाटली या पत्रासोबत पाठवत नाही. रविवारी दुपारी मी स्वतः फणसवाडीला घेऊन येईन. मम्मीने दार उघडलं तर तिच्या हातात देईन, नाही उघडलं तर उंबऱ्याशी ठेवून परत फिरेन. आगळ आईच्या हातचं आहे, तिला यातलं काही माहीत नव्हतं. काल रात्री सांगितलं.

तू भर मीटिंगमध्ये मला एक प्रश्न विचारला होतास. चौदा महिने उशिरा उत्तर देते.

नाही, ग्रेगरी. यादी बरोबर नव्हती.

यादी लिहिणारी,
मृणालिनी