तलावातली साक्ष

नागपूर, १२ जुलै १९८४

ती. यादोरावकाकांस तेजरामचे शि. सा. न. वि. वि.

धानाची रोवणी सुरू झाली असेल. चिखलात कंबर सांभाळा, नवी मिळत नाही.

पत्रास कारण तो पाकिस्तानी अधिकारी. एकाहत्तरच्या लढाईत त्याने बंगालातलं गाव जाळून माणसं तळ्याकाठी मारली, ते गाव तुम्ही फौजेत असताना पाहिलंत. पुढे तो शरण आला, तुमच्या पहाऱ्यात होता, आणि हुकूम मीच दिला असं तुमच्यासमोर बोलला. नंतर कैदी सुटले, त्यांच्यासोबत तोही सुटला. आता तो विलायतेत हॉटेल चालवतो, असं तिथल्या वकिलांनी आमच्या वकीलसाहेबांना कळवलं आहे.

अशा गुन्ह्याला देश लागत नाही. गुन्हेगार सापडेल तिथे खटला चालवता येतो, असा कायदा आहे. तुमची शपथेवर साक्ष हवी. काकूंना नमस्कार. लोभ आहेच, चिखलातही टिकू द्यावा.

आपला, तेजराम


दिघोरी, २ ऑगस्ट

चि. तेजरामास अ. उ. आ. वि. वि.

तुझा कायदा मला नवा वाटला नाही. तलावाची पाळ फोडणारा ज्या गावात सापडेल, तिथलेच पंच त्याचा निवाडा करतात. म्हणून काम लगेच उरकलं. पाच गावचे पंच बोलावले, तलावात कंबरभर उतरलो आणि शपथ म्हणून ओंजळीत पाणी घेऊन सगळं सांगितलं. सोमाजी मास्तरांनी लिहून घेतलं, पाचांचे अंगठे आहेत. तुझी काकू म्हणते, ऐन रोवणीत म्हातारा पाण्यात उभा राहून कायले भाषण देऊन राहिला.

बंगालातल्या त्या गावात एका बाईने माझी बाही धरली होती. याचा न्याय होईल का, असं दुभाष्याकरवी विचारत होती. मी होईल म्हणालो. तो शब्द अजून डाचतो.

यादोराव


नागपूर, १० नोव्हेंबर

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

ओंजळीतली साक्ष कोर्टाला चालत नव्हती, म्हणून तुम्ही पुन्हा भंडाऱ्याला जाऊन मॅजिस्ट्रेटसमोर केलीत. तीही वाया गेली. तिथल्या सरकारच्या संमतीशिवाय खटला उभा राहत नाही, आणि संमती मिळाली नाही. तुम्हाला आशा मी लावली, याचं फार वाईट वाटतं. राग धरू नये.

तेजराम


दिघोरी, २८ नोव्हेंबर

चि. तेजरामास अ. उ. आ. वि. वि.

राग कसला? धान कापून झालं, पंचांना फुरसत होती. तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांतला गोपीचंद म्हणाला, तिकडचे निवाड्याला बसत नसतील तर आपण बसू. बसले. रिवाजाप्रमाणे आरोपीला हाक द्यावी लागते, म्हणून कोतवालाने पाचही गावांत त्याच्या नावाची दवंडी दिली. तो आला नाही. निकाल असा, की पाच गावांत त्याला कोणी पाणी देऊ नये.

तू हसशील. मीही हसलो, तो कशाला येतोय दिघोरीला पाणी मागायला. पण तुझी काकू आता अनोळखी माणसाला तांब्या देण्याआधी नाव विचारते.

त्या बाईचा पत्ता माझ्यापाशी नाही. असता तर तिला कळवलं असतं, की शिक्षा झाली नाही, पण पाच गावांनी बसून ऐकून घेतलं.

थंडी पडली आहे, जपून राहा. माया आहे तशीच राहू दे.

यादोराव