कुर्माघरातली शाळा

बाई, माझी नात एटापल्लीकडच्या एका गावात तुमच्यासारख्याच कामाले लागली. काल फोनवर म्हणते, "आजी, इथल्या बाया मीटिंगले येतच नाईत, काय करू?" मले हसूच आवरेना. म्हटलं, "आधी त्याईले विचार, तुम्ही कुठी मोकळ्या बसता."

तुम्हाले तरी कुठी माहीत होतं. बायांले शिकवाले चावडीत पाट्या मांडून तुम्ही चार दिवस एकट्याच बसल्या होत्या, अन् माझी सासू येताजाता म्हणे, "शिकून काय तहसीलदार होणार हे?" मले अक्षरांची एवढी हौस, का धान कांडतानाही ध्यान तुमच्याकडंच. माहेरी भावाले पाटी होती, मले नव्हती, ते जाऊ द्या. मग वरून साहेबाचा हुकूम आला, पाळीच्या बाया गावाबाहेर बसतात ते कुर्माघर पाडा. तो कागद घेऊन तुम्ही तिथी आल्या. आत आम्ही तिघी. तुम्ही विचारलं, "पाडायचं का गं हे?" मी म्हटलं, "नका पाडू बाई. इथीच तर कोणी पाणी आण म्हणत नाई." तुम्ही कागदाची घडी घातली, आमच्यात खाली बसल्या, अन् म्हणाल्या, "मग छप्पर तरी नीट करून घेऊ."

छप्पर शाकारलं, शाळा तिथीच सुरू झाली, जिची पाळी तिचा वर्ग. रोज विटाळ फेडाले नाल्यावर आंघोळ करूनच तुम्ही गावात शिरत, म्हणून सासूलेही बोलाले जागा उरली नाई. साहेब तपासाले आले, पण पुरुषांनं तिकडं जाऊ नये, म्हणून दूर मोहाच्या झाडाखाली उभे राहून ओरडले, "बाई, पाडलं का नाही अजून?" तुम्ही दारातून म्हणाल्या, "साहेब, आत वर्ग चालू आहे." आम्ही तिघी मुद्दाम मोठ्यानं बाराखडी म्हणून राह्यलो होतो. साहेब थोडा वेळ ऐकत राहिले, अन् जीपमध्ये बसून गेले. घर राहिलं, शाळाही राहिली.

तुम्हाले जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू. पिठाच्या डब्यामागं ठेवून देईन. फक्त एक सांगाचं राहिलं. तुम्ही काळजीनं म्हणत, "पोरी, तुझी पाळी महिन्यातून दोनदा येते, दवाखान्यात दाखवू." ते काही दुखणं नव्हतं, बाई. माझी जोडाक्षरं राहिली होती.