लोखंडी म्हातारीची किल्ली

सोमवार, भाद्रपद वद्य अष्टमी

विमलताई इथल्या मराठी मंडळाची अध्यक्ष झाली म्हणून भुलाबाई काय तिच्या घरची झाली? माझं नवं गाणं ऐकून सगळ्या बायांपुढे मला म्हणाली, "काकू, यान काय, कॅप्टन काय! हे भुलाबाईचं गाणं आहे का? कोजागिरीला पारंपरिकच होईल." ती बी.ए., मी चौथी पास. पण टाळी माझ्याच गाण्यावर पडून राहिली होती. बडे फुहाऱ्याच्या बाजारात साडीवाल्याला "भैया, वो नीलीवाली दिखाओ" करते, तेव्हा हिची परंपरा कुठं जाते?

गाणं लिहून ठेवते. नाहीतर म्हणतील, बुढी विसरली.

यान चाललं गं बाई चंद्राच्या पल्याड,
कॅप्टन म्हणे, म्हातारीला उतरवा अल्याड.
लोखंडाची म्हातारी ती मान हलवून हसे,
यानाची रे किल्ली बाबू, माझ्या कमरेला असे!

मंगळवार

टीव्हीत असं नाही. मागल्या आठवड्यातल्या सीरियलीत यानाचं पेट्रोल संपत आलं, तर कॅप्टननं मशीनची म्हातारी लाल मातीत उतरवून दिली. म्हणे वजन जास्त. सगळं यान तीच चालवून राहिली होती, अन् वजन तिचंच जास्त! मी टीव्ही बंद केला. पिंकी म्हणाली, "आजी, फिर क्या हुआ?" म्हटलं, थांब, मी सांगते काय झालं ते. म्हणून हे गाणं.

शुक्रवार

गाणं नाकारलं तेव्हापासून पिंकी गात नाही. अकरा वर्षांची नात, मी मराठीत बोलते, ती हिंदीत जबाब देते. या गाण्यापायी पहिल्यांदा मराठीत तोंड उघडलं होतं. "अल्याड मतलब?" करत घरभर फिरायची. आता म्हणते, "मैं नहीं जाऊँगी कोजागिरी में." मी समजूत घातली नाही. समजूत विमलताईची घालायची आहे; आजपासून वहीत ती नुसती वि.

रविवार, आश्विन शुद्ध षष्ठी

वि.चा निरोप, सुनेच्या हाती. कॅप्टनच्या जागी नणंद घाला, यानाच्या जागी बैलगाडी, मग चालेल. सून म्हणे, "आई, दोन शब्दच तर आहेत. झगडा काहून?" म्हटलं, बैलगाडीतून उतरवली तर म्हातारी पायी घरी येते. चंद्रापल्याडून कशी येईल?

पिंकी पोळी खाता खाता बोलली, "आजी, बैलगाडीला किल्ली कुठं असते?"

मराठीत. पूर्ण वाक्य. मी वाढत राहिले. सुनेचं तोंड पाहण्यासारखं.

मंगळवार, कोजागिरी, दुपार

आज खिरापत आमच्या घरची. पाळी अध्यक्षालाही बदलता येत नाही. डबा कापडात बांधला. आत काय ते इथं लिहत नाही, सून वही वाचते. खिरापतीचं नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात घातलं, म्हातारी यानात सगळ्यांना तेच वाढते. ते कडवं फक्त पिंकीला पाठ. कान देऊन ऐकेल तिलाच ओळखता येईल. ओळखल्याशिवाय खिरापत वाटायची नाही, हे पारंपरिकच आहे.

वि.नं मघाशी पुन्हा कळवलं, "ते गाणं नको." कळवू दे. पिंकी वेणी घालून तयार बसली.

रात्री डबा पुढं ठेवून सगळ्यांसमोर म्हणीन: पिंकी, तू गा. बाकी पोरींनो, ओळखलं तरी तोंड उघडायचं नाही. जबाब विमलताईनंच द्यायचा.