आप्पांच्या मोबाईलवर पाठवलेलं पान

प्रिय आयुषदादा,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हे कागदावर लिहून पुण्याला कुरिअरनं पाठवतेय. आप्पांचा उजवा डोळा गेला, हे तुला माहीत आहे. डाव्यानं आता उजेड तेवढा कळतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जन्म गेला, पण रोजचा पेपर त्यांनी कधी चुकवला नाही. अलीकडे घडी न मोडता तो नुसताच हातात धरून बसायचे. मला ते बघवेना. मग इथं बेळगावात, उद्यमबागेतल्या नोकरीवर, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बातम्या उघडायला लागले. मजकूर निवडायचा आणि थेट त्यांच्या मोबाईलवर पाठवायचा. मोबाईल तो मोठ्यानं वाचून दाखवतो. मोबाईलमधल्या त्या बाईचा आवाज सुरू झाला की आप्पांना चहाचीही आठवण राहत नाही, असं आई सांगायची.

गेल्या महिन्यात तुझ्या कंपनीच्या वेबसाइटवर तुझी मुलाखत दिसली, फोटोसकट. इतका आनंद झाला की पुढचं न वाचताच अख्खं पान पाठवून दिलं. आप्पांनी शेजारच्या मालुबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं आणि दारातच मोबाईल लावला. तुझं शिक्षण झालं, तुझं पद झालं. मग ती बाई त्याच सुरात म्हणाली, "आईवडील लहानपणीच गेले. मी एकटाच वाढलो."

मालुबाई उठून गेल्या. आप्पा आईला म्हणाले, "यंत्र हाय गं ते, चुकलं आसंल. परत लाव." आईनं परत लावलं.

तेव्हापासून त्यांनी मोबाईल हातात घेतलेला नाही. मी बातम्या पाठवते, त्या तशाच पडून राहतात. ते पानही मला परत घेता येत नाही. रविवारी घरी गेले तर म्हणाले, "त्येला कायबी इचारू नगो. त्येची कायतरी अडचण आसंल." तुझी अडचण मला कळत नाही असं नाही, दादा. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मीही बघते. पण आई मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारते, "मी बी न्हाय म्हणून सांगितलंय व्हय गं त्यानं?" तिला काय सांगू?

काल आप्पांना तपासणीसाठी बेळगावला आणलं. पुढच्या शुक्रवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टर कसलीच खात्री देत नाहीत. नाव नोंदवताना सिस्टरनं विचारलं, मुलं किती? आप्पा म्हणाले, "एकच. ही पोरगी." आई खाली बघत राहिली. मी तशीच खाली सही केली. दादा, खुलासा करू नकोस, माफीही मागू नकोस. शुक्रवारच्या आत ये, त्यांच्या कॉटशी उभा राहा आणि एकदा 'आप्पा' म्हण. तू त्यांना दिसणार नाहीस, पण आवाज ते ओळखतील.

काही झालं तरी तुझीच,
उपासना